पाळणा लांबवणं पाप आहे का?

कडेगाव,
रविवार संध्याकाळ

चि. ताईस,


छकुलीला वर्षही झालं नाही आणि घरात दुसऱ्याचं टुमणं सुरू झालं, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्यात प्रार्थनासभेत कुणी सांगितलं की पाळणा लांबवणं म्हणजे देवाचा हात अडवणं. वाचून जीव तुटला. ताई, घाबरू नकोस.

सांगणाऱ्यांनी हे मनानं रचलेलं नाही. लूथर आणि कॅल्व्हिन या दोघांनीही बायबलातल्या, मूल होऊ न देणाऱ्या ओनानाच्या गोष्टीवरून संतती टाळण्याला कडक शब्दांत पाप ठरवलं. अँग्लिकन बिशपांची लॅम्बेथ परिषद १९०८ आणि १९२० सालीही विरोधातच होती. आपल्याकडे याची झळ र. धों. कर्व्यांना लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि शिकवत होते स्कॉटिश मिशनच्या विल्सन कॉलेजात. हे काम तरी सोडा नाहीतर नोकरी, असा पेच आला. १९२५ ला त्यांनी नोकरी सोडली. कर्वे देव मानत नव्हते, तरी बाळंतपणांनी खंगलेल्या बायकांची कणव तेव्हा त्यांच्यापाशी होती, आपल्या मिशनपाशी नव्हती, असं मी मनापासून मानते.

पुढे पाचच वर्षांत त्याच लॅम्बेथ परिषदेनं १९३ विरुद्ध ६७ मतांनी वाट मोकळी केली: सबळ नैतिक कारण असेल तर साधनं वापरता येतील, चैनीसाठी नव्हे. पोपनी त्याच वर्षी डिसेंबरात ठाम नकार दिला. १९५८ मध्ये तर लॅम्बेथच्या बिशपांनी मुलं किती आणि केव्हा, हे ठरवण्याची जबाबदारी देवानं आईबापांच्या विवेकावर सोपवली आहे, असं म्हटलं. १९७० साली आपली उत्तर भारत मंडळी झाली, तिच्यात अँग्लिकनही आले, प्रेस्बिटेरियनही; म्हणजे या बिशपांचा वारसा आपलाही.

ओनानानं भावाच्या विधवेला फसवलं, तिचा हक्क बुडवला. मी ती गोष्ट अशी वाचते. आणि उत्पत्तीतला ‘फलद्रूप व्हा’ हा आशीर्वाद देवानं नवराबायको दोघांना दिला, सासूला किंवा सभेला नाही. मिरजेच्या मिशन दवाखान्यात आपल्या बायका बाळंतपणाला जात आल्या, तिथली डॉक्टरी विद्या आपण देवाची देणगी मानतो. बाळंतपणापुरतीच ती देणगी का मानायची?

हे पत्र जावईबापूंना वाचायला दे. दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडे जा. तांबी, गोळ्या, तुला काय मानवेल ते त्या सांगतील. छकुली अजून अंगावर पिते, हे मात्र आधी सांग.

तुझी,
मावशी