पोहे, परीस आणि आमच्याकडचा 'ळ'



पुण्याच्या नातेवाइकांशी इंदुरी पोह्यांवरून वाद घालण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. "पोह्यांत बडीशेप? वर शेव? आणि सोबत चक्क जिलबी?" असं म्हणत ते नाक मुरडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तेच चपला घालून तयार असतात. होळकरांच्या काळात मराठी माणसांबरोबर पोहे इकडे आले, असं आम्ही सगळेच मानतो. मग शहराने ते आपले केले. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत ठेवले, वरून जीरावन भुरभुरलं. पोहे टिकावेत म्हणून कुठल्या मंडळाला ठराव करावा लागला नाही. चविष्ट होते, म्हणून टिकले.

भाषेच्या बाबतीत मात्र आम्ही फक्त ठरावच करत बसतो, असं माझं मत आहे.

आमची नात बारा वर्षांची. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी. घरात ती "आजी, मी जेवून राहिली आहे" असं खास इंदुरी मराठी बोलते. ते मला गोडच वाटतं. पण मराठी पुस्तक हातात दिलं की "बादमें वाचते" म्हणून पळायची. मागच्या वर्षी घराची रंगरंगोटी निघाली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आजोबांचं कपाट वाचनालयाला देऊन टाकू. आता वाचणारं कोण आहे?" त्या कपाटात सासऱ्यांनी बांधून घेतलेले 'चांदोबा'चे अंक आहेत, नाथमाधवांचं 'वीरधवल' आहे. तो वाईट बोलला नव्हता, खरं तेच बोलला होता. म्हणूनच रात्रभर झोप लागली नाही.

मला आठवली 'चंद्रकांता'. देवकीनंदन खत्रींची ही कादंबरी 1888 साली आली. ती वाचता यावी म्हणून पुष्कळ लोक हिंदी शिकले, असं म्हणतात. शिकले ते तिलिस्मासाठी, ऐयारांसाठी, त्यांच्या बटव्यातून निघणाऱ्या लखलख्यासाठी. हा लखलखा बेशुद्ध माणसाला हुंगवला की तो उठून बसतो. (आमच्याकडे हे काम जीरावन करतं.) 1994 साली दूरदर्शनवर त्याची मालिका लागली, तेव्हा रविवारी सकाळी आमची गल्ली सामसूम असायची आणि पोरं दिवसभर क्रूरसिंहासारखं "यक्कू" ओरडत फिरायची. मालिकेपेक्षा पुस्तक कितीतरी सरस, हेही जाता जाता सांगून टाकते.

तर मी नातीला श्यामची आई दिली नाही, 'हॅरी पॉटर आणि परीस' आणून दिलं. इंग्रजीत तिला ते तोंडपाठ आहे. त्यामुळे एखादा शब्द अडला तरी गोष्ट अडत नाही. आणि आपल्याकडच्या, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांची एक सोय आपण विसरतोच. हिंदीमुळे देवनागरी त्यांना आधीच येते. अडतो तो एक 'ळ'. पहिले दोन दिवस ती 'काळा'ला 'काला' आणि 'डोळे'ला 'डोले' वाचत होती. तिसऱ्या दिवशी स्वतःच चूक पकडून हसली. मग विचारलं, "आजी, परीस म्हणजे पारस पत्थर?" म्हटलं हो, लोखंडाचं सोनं करणारा. आपल्या संतांच्या अभंगांत तो जागोजागी भेटतो. तिला हे फार भारी वाटलं. तिच्या मते ती वस्तू हॅरीच्याच मालकीची होती!

आमचे भाऊजी चिडले. "वहिनी, इंग्रजांच्या जादूगाराचं भाषांतर वाचून कुणी मराठी होतं का?" त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. भाषांतरात आपल्या घरांचा वास नसतो. हॉग्वर्ट्सच्या मेजवानीत पुरणपोळी येणार नाही, आणि डिमेंटर येऊन गेल्यावर प्रोफेसर ल्यूपिन हॅरीला चॉकलेटच देणार, आलेपाक नाही. पण जेवायला बसवायचं तर आधी भूक लागायला हवी. पहिल्याच घासाला कारलं वाढलं तर पोर ताटावरून उठणारच. कारल्याची भाजी मला स्वतःला आवडते, तरीही सांगते.

आता खरं काय ते सांगते. नात काही पुस्तकातला किडा झालेली नाही. दिवसाला चार पानं वाचते, मग मोबाइल. हॅरी संपायला तीन महिने लागले. त्यानंतर मात्र मी न सांगता तिने 'चांदोबा'चा एक गठ्ठा काढला, आणि वेताळ दर वेळी झाडावर परत का जातो यावर माझ्याशी तासभर भांडली. राजाने गप्प बसायला हवं होतं, हे तिचं ठाम मत. मराठीत भांडली. एक-दोन शब्द हिंदीतले आले, ते मी पोह्यांवरच्या शेवेसारखे चालवून घेतले.

कपाट अजून घरातच आहे. मुलाने त्याला नवा रंग दिलाय. 'वीरधवल'ची पानं पिवळी पडली आहेत, ते तिला आता द्यावं की अजून वर्षभर थांबावं, ते ठरत नाहीये.

बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनो, तुमच्याकडे पोरांना मराठी वाचनाची गोडी कशाने लागली? पुस्तकाचं नाव सांगा. आणि पोह्यांत बडीशेप घालता की नाही, तेही!