शाक आणि शाक

गेल्या दिवाळीनंतर आमच्या केडगावच्या घरी स्वयंपाकघराचा जीर्णोद्धार निघाला. भिंतीलगत कडाप्याचा ओटा होताच. परंतु धाकट्या सूनबाईंनी मधोमध, चारी बाजूंनी काम करता येईल असा आणखी एक ओटा सुचविला व त्यावर लाकडी फळा हवा म्हणाल्या. लाकडाची निवड आम्हांकडे आली. सेवानिवृत्त शिक्षकास कोणी काम सोपविले, की त्यास पुन्हा शाळा भरल्यासारखे वाटते!

आम्ही चौकशी आरंभिली. आंबा स्वस्त, पण ओलीने कुजतो व किडीसही प्रिय. बाभूळ गाडीच्या चाकास पुरते इतकी कठीण, परंतु तिची रुंद, सरळ फळी मिळणे दुरापास्त. शिसव सुंदर, तथापि खिशास जड. राहिला साग. तो वाळवीस दाद देत नाही आणि ऋतुमानाने फुगतो-आकसतोही थोडाच. संस्कृतात सागास ‘शाक’ म्हणतात आणि भाजीसही ‘शाक’. लिंग तेवढे निराळे. तेव्हा शाक चिरावे ते शाकावरच, असा निवाडा आम्ही देऊन टाकला.

वडिलोपार्जित घराची सागवानी कवाडे माळ्यावर होती. तीच वापरावी, हा आमचा हट्ट. पण त्यांवर तैलरंगाचे कित्येक थर. जुन्या रंगांत बहुधा शिसे असते, ते अन्नात जाईल, असे थोरल्या चिरंजीवांनी बजावले. वाईट वाटले, पण मुद्दा खरा होता. अखेर त्याच घराची, कधीही न रंगविलेली तुळई खिळे काढून वखारीत चिरून घेतली. वरून जवसाचे तेल चोळावयाचे ठरले. गोडेतेल वाळत नाही व खवटते, जवसाचे वाळून घट्ट होते.

सुताराने एवढेच विचारले, “उंची किती?” आम्ही तत्काळ उत्तरलो, “३४ इंच.” दारात उभे असलेले आमचे कुटुंब हळूच म्हणाले, “अन् मी बसायचे कोठे?”

गुडघ्यांमुळे दोन वर्षे तिला विळीवर बसवत नाही आणि फार वेळ उभेही राहवत नाही. महिनाभर आम्ही लाकडांचे गुणधर्म तपासले. ज्या हातांनी चाळीस वर्षे आम्हांस जेवू घातले, त्यांस मात्र काही विचारले नव्हते.

ओटा २९ इंचांचा झाला, खाली गुडघ्यांपुरती मोकळी जागा ठेवून. आता सकाळी सासू-सुना समोरासमोर बसतात. आम्हीही मेथी निवडावयास बसतो. “देठ फार ठेवता,” हा शेरा रोज मिळतो.