वाऱ्याचा कौल

इटली आणि बाल्कन देश यांच्यामध्ये एड्रिॲटिक समुद्र पसरलेला आहे. त्याच्या पूर्वेकडील किनाऱ्यास दाल्मेशिया म्हणतात, आणि आज तो बहुतांशी क्रोएशिया या देशात मोडतो. प्राचीन काळी येथे किनाऱ्याला समांतर अशा डोंगररांगा होत्या. हिमयुग सरले, समुद्राची पातळी चढली, दऱ्या पाण्याखाली गेल्या आणि डोंगरांचे माथे तेवढे वर उरले. तीच आजची बेटे. लहानमोठे खडक धरून त्यांची संख्या हजाराच्या वर जाते. परंतु माणसांची कायम वस्ती त्यांपैकी पन्नासांवरसुद्धा नाही.

2023 च्या जून महिन्यात एक मराठी कुटुंब या बेटांमधून शिडाच्या नौकेने हिंडत होते. वडील नोकरीनिमित्त जर्मनीत स्थायिक झालेले. नौका चालविण्याचा परवाना त्यांनी तेथेच मिळविला होता. बरोबर आई, बारा वर्षांची ताई, नऊ वर्षांचा धाकटा आणि रत्नागिरीहून आलेले आजोबा. आजोबांचे वडील मचव्यातून मीठ आणि कौले नेत असत. त्यामुळे शीड, सुकाणू, डोलकाठी हे शब्द आजोबांच्या तोंडी जन्माचेच होते. जूनमध्ये कोकणातील नौका किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. त्याच महिन्यात येथे शिडे उभारलेली पाहून त्यांना मोठी मौज वाटली. दुसरी मौज भरती-ओहोटीची. रत्नागिरीस पाणी दोन मीटरांहूनही अधिक चढते-उतरते. येथे मात्र ते धक्क्याच्या एखाद्या पायरीशी जेमतेम खेळते. “हा कसला समुद्र? हे तर तळे!” असे आजोबा पहिल्या दिवशी म्हणाले. चौथ्या दिवशी मात्र ते तसे म्हणाले नाहीत.

तळे नव्हे, हे येथील वारे शिकवितात. उन्हाळ्यात सकाळी उशिरा वायव्येकडून ‘माएस्त्राल’ सुटतो. दुपारी तो भरात येतो आणि सूर्यास्ताबरोबर निजतो. हा आपल्या खाऱ्या वाऱ्याचाच भाऊबंद, आणि नावाड्यांचा मित्र. ‘बूरा’ हा ईशान्येचा, डोंगरांवरून एकाएकी कोसळणारा, थंड आणि कोरडा. तिसरा ‘यूगो’. तो आग्नेयेकडून येतो, दमट असतो, आणि एकदम अंगावर येत नाही. आधी आकाश दुधासारखे धूसर होते, वायुभारमापकाचा काटा हळूहळू उतरू लागतो, आणि वारा पोचण्यापूर्वीच दूरवरून लांबलचक लाटा येऊ लागतात. हे सारे वडिलांनी ताईला स्प्लिट बंदरातून निघतानाच समजावून सांगितले होते. शीड वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही; सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे नागमोडी जावे लागते, हेही तिने दोन दिवसांत हातांनी शिकून घेतले.

पहिला मुक्काम ब्राच बेटावर झाला. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने स्प्लिट येथे इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभी जो राजवाडा बांधून घेतला, त्यासाठी याच बेटावरील पांढरा दगड नेला होता. पुढे नौका ह्वार बेटाच्या स्तारी ग्राद या गावी आली. पण सगळ्यांचे मन लागले होते ते विस बेटापलीकडील बिशेवो या चिमुकल्या बेटाकडे. तेथे एक निळी गुहा आहे. पाण्याखालच्या कमानीतून सूर्यप्रकाश आत शिरतो, तळावरून उजळत वर येतो, आणि मध्यान्हीच्या सुमारास सारी गुहा निळ्या तेजाने भरून जाते. नावेने आत जाता यावे म्हणून 1884 साली खडक फोडून तिला एक द्वार करण्यात आले. धाकट्याने त्या गुहेचे चित्र वहीत डकवून ठेवले होते. आजोबांनीही ते अनेकदा न्याहाळले होते. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. इतका लांबचा प्रवास पुन्हा घडेल की नाही, हे घरात कोणी बोलत नव्हते एवढेच.

चौथ्या दिवशी पहाटे नौका निघाली. आदल्या रात्रीच्या अंदाजात यूगो संध्याकाळनंतर सांगितला होता. तोवर विस गाठता येईल, असा वडिलांचा हिशेब होता. सुकाणू ताईच्या हाती होते. ह्वारच्या पश्चिम टोकाशी, पेलेग्रिनच्या भूशिरापाशी, बेटाचा आडोसा सुटला आणि नौका संथपणे वर उचलली गेली, खाली बसली, पुन्हा उचलली गेली.

“बाबा, वारा तर नाहीच. मग या लाटा कुठून आल्या?” ताईने विचारले. वडिलांनी आकाशाकडे पाहिले, काट्याकडे पाहिले. काटा रात्रीपेक्षा बराच उतरला होता.

“तुम्ही कबूल केलं होतं!” धाकटा रडकुंडीला आला. आई त्याला जवळ घेऊन गप्प बसली.

वडील आजोबांकडे वळले. “अण्णा, तुम्ही इतक्या लांबून आलात...”

आजोबा क्षणभर विसच्या निळ्या रेषेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पावसाळ्याआधी आणखी एक खेप होईल म्हणून आमच्या वाडीतला एक मचवा असाच निघाला होता. तो परत आला नाही. पोरीला वळवू दे.”

ताईने सुकाणू फिरविले. ठरविलेले सारे पाहून झालेच पाहिजे, असा हट्ट हल्ली प्रवाशांना जडलेला दिसतो. समुद्र तो मोजीत नाही. यूगो संध्याकाळची वाट न पाहता दुपारीच आला. त्या वेळी नौका स्तारी ग्रादच्या धक्क्यास दुहेरी दोरांनी बांधलेली होती. उशिरा आलेल्या एका नौकेचे शीड चिरफाळले होते आणि तिच्यावरील माणसे नखशिखांत भिजली होती.

दुसऱ्या दिवशीही वारा थांबला नाही. मग सगळे गावामागच्या मैदानात चालत गेले. इसवी सनापूर्वी 384 साली पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी येथे वसाहत केली, जमीन मोजून तिचे लांबट चौकोनी तुकडे पाडले आणि दगडी बांध घातले. सुमारे चोवीसशे वर्षे उलटली, तरी त्याच आखणीत आजही द्राक्षे आणि ऑलिव्ह पिकतात. 2008 साली युनेस्कोने या मैदानाचा जागतिक वारशात समावेश केला.

बांध पाहताच आजोबा थबकले. चुना नाही, माती नाही; दगडावर नुसता दगड. “अरे, हे तर आपले गडगे!” ते उद्गारले. एके ठिकाणी बांध ढासळला होता. त्यांनी एक दगड उचलला, लावून पाहिला, बसेना. फिरवून लावला, बसला. मग धाकटाही दगड आणू लागला. पलीकडच्या द्राक्षमळ्यातील म्हातारा शेतकरी काम थांबवून हे पाहत होता. तो जवळ आला, आजोबांनी ठेवलेला एक दगड काढून त्याने उलटा बसविला आणि हसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तासाभरात हातभर बांध उभा राहिला.

शुक्रवारी माएस्त्राल परतला आणि नौका स्प्लिटला पोचली. नौकेची नोंदवही ताईने लिहिली होती. चौथ्या दिवसापुढे तिने एवढेच नोंदविले होते : ‘पेलेग्रिनपर्यंत गेलो. यूगो. परत.’