दिग्व्रताची मर्यादा

मुलाला कॅनडात नोकरी मिळाली. सहकुटुंब तेथेच स्थायिक व्हावे, आम्ही उभयतांनीही सोबत यावे, असा त्याचा आग्रह होता. कर्जप्रकरण तपासावे तसे मी कागदावर दोन रकाने आखले. जमेच्या बाजूस नातवंडांचा सहवास. नावेच्या बाजूस कारंजातील नित्य देवदर्शन, चातुर्मासातील प्रवचने आणि जुने स्नेही. पायी विहार करणारे मुनी सागरापार कसे पोहोचणार? 1893 च्या शिकागो धर्मपरिषदेस आत्मारामजी महाराजांऐवजी वीरचंद गांधी हे गृहस्थच गेले होते.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दहाही दिशांना आपल्या गमनाची मर्यादा आखून लोभ आवरावा, हा त्याचा हेतू. मुलाला थांबविण्यासाठी मी त्याचाच दाखला देणार होतो. तोच पत्नी म्हणाली, “अहो, व्रत स्वतः घ्यायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते.”

मी निरुत्तर झालो. मुलाला निःशंक मनाने जाण्यास सांगितले. आम्ही मात्र कारंजातच राहिलो. यंदा क्षमावाणीला त्याचा दूरध्वनी आला, तेव्हा प्रथम क्षमा मी मागितली.