शिरा उभ्या की आडव्या?

चि. सोनू,

तू पाठवलेलं खुर्चीचं चित्र मिळालं. कॉम्प्युटरवर काढलंय हे सांगितलं नसतंस, तर मी फोटोच समजलो असतो. तरी दोन दिवस काहीतरी खुपत होतं. आज चष्मा पुसून पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं. पाठीच्या आडव्या पट्टीवर सागवानाच्या शिरा उभ्या आहेत! कुठलाही सुतार पट्टी अशी कापणार नाही. कोणी जोरात टेकलं की तिचे दोन तुकडे व्हायचे. लाकडाचा पोत तू वरून चिकटवलास, लाकडाला विचारलं नाहीस.

रागावू नकोस. आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं, खोड जात नाही. पण तू आता अशी चित्रं काढण्याचंच काम करणार, म्हणून दोन चित्रसंग्रह सांगतो.

लंडनच्या टॉमस चिपेंडेलने १७५४ साली फर्निचरच्या नमुन्यांचं मोठं पुस्तक काढलं. तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली १६० चित्रं. रंग नाहीच, सगळा कारभार रेषेचा. त्यातल्या खुर्च्यांचे पुढचे पाय बघ. एकाच खुर्चीचा डावा पाय एका घाटाचा, तर उजवा भलत्याच. गिऱ्हाइकाने आवडेल तो निवडावा, म्हणून एका खुर्चीत दोन खुर्च्या बसवल्यात! काही पाठी रिबिनीची गाठ मारावी तशा. रेषा कुठून निघाली नि कुठे गुंतली, ते बोटाने गिरवावंसं वाटतं. फक्त एक आहे. या खुर्च्यांवर अजून कोणी बसलेलं नाही. त्या व्हायच्या आहेत.

बसून, उघडून, पुसून जुनं झालेलं लाकूड पाहायचं तर अमेरिकेतला संग्रह बघ. १९३० नंतरच्या मंदीत तिथल्या सरकारने बेकार चित्रकारांना काम दिलं, जुन्या वस्तूंची हुबेहूब जलरंगचित्रं करायचं. रंगीत फोटो तेव्हा महाग आणि त्यांचे रंग टिकण्याचा भरवसा नाही, म्हणून ब्रश. ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ नावाची ती अठरा हजारांहून अधिक चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, आणि घरबसल्या तुझ्या पडद्यावरही दिसतात.

त्यात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कुटुंबांचे रंगवलेले पेटारे शोध. कपडालत्ता ठेवायचे, मुलीच्या लग्नात द्यायचे ते. दर्शनी बाजूवर ट्यूलिपची फुलं, पक्षी. चित्रकाराने ती फुलं नव्याने रंगवली नाहीत. जिथे रंग उडाला, तिथे खालचं लाकूड दाखवलं. फळीला भेग, तर चित्रातही भेग. पाकळीवर जेवढा जीव लावला, तेवढाच पोपड्यावर. पातळ रंगाचे थर एकावर एक चढवत हे केलंय. म्हणून तो लाल रंग डबीतला वाटत नाही, घरात मुरलेला वाटतो.

हे पाहून मलाही सुरसुरी आली. माळ्यावरून आजीचा शिसवी पाट काढला आणि चार संध्याकाळी रंगवत बसलो. कोपऱ्यांतली पितळी फुलं तासाभरात जमली. मधला भाग काही केल्या जमेना. मी सगळीकडे सारखाच तपकिरी फासत होतो. चौथ्या दिवशी खिडकीशी तिरपा धरून पाहिला, तेव्हा दिसलं की पाट मधोमध कडांपेक्षा गुळगुळीत आहे, त्याला थोडी चमक आहे. ती पॉलिशची नाही. इतक्या वर्षांच्या जेवणावळींची आहे. तेवढी जागा पातळ ठेवली, कागदाचा पांढरा खालून येऊ दिला, आणि पाट कागदावर बसला.

तुझ्या खुर्चीच्या शिरा आधी आडव्या कर. मग विचार, हिच्यावर कोण बसणार, हात कुठे टेकणार? रंग तिथे आपोआप बदलेल.

दिवाळीत ये. पाट खाली काढूनच ठेवलाय. लॅपटॉप आणलास तरी हरकत नाही, पण आधी पाटावर बसून जेव.

तुझा,
मामा