आबांचा गळ

(द्वितीय वर्ष, कला)

मागच्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी ट्राऊट माशाची माहिती सांगितली. स्कॉटलंडच्या डोंगरी तळ्यांत हा ठिपकेदार, तपकिरी रानमासा राहतो. त्याला थंड, स्वच्छ पाणी लागते. पाण्यावर उतरलेले किडे तो टिपतो, म्हणून तिथले लोक गळाला पिसे गुंडाळून खोटी माशी करतात. तिला वजन नसते. म्हणून दोरीच जड घेतात आणि काठीच्या झोक्याने ती लांब फेकतात. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास हा मासा काश्मीरच्या नद्यांतही आणून सोडला.

मग सरांनी विचारले, "तुमच्यापैकी गळ टाकायला कोण जातो?" वर्गात हशा पिकला. माझ्या नखांत सकाळच्या गांडुळांची माती होती. मी हात बाकाखाली घेतला.

मला गळ टाकायला आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी शिकवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आबांची शाळा दुसरीत सुटली. त्यांचे सामान साधे. चिव्याची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या ताटाचे भेंड.

वेण्णा नदीवरचे कण्हेर धरण 1986 साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्यात आमचे शेत गेले. आबा तेव्हा चाळिशीच्या आत होते. आज ते गळ टाकतात तो त्याच शेतावर. "हितं आपली हीर हाय. कडंला टाक. दगडाच्या सांदीत मासा बसतुया." मला नुसते सपाट पाणी दिसते, पण आबांना खालचे बांधन् बांध पाठ आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की विहिरीचे कडे उघडे पडते. तेवढे दिवस आबा तिकडे फिरकत नाहीत.

पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्याने वर चढतात. ते चढणीचे मासे धरायला गाव लोटते. आबा घरीच बसतात. "पोटुशीला वाटंत आडवू नये," म्हणतात. ट्राऊटसुद्धा हिवाळ्याच्या तोंडावर असाच प्रवाहात वर जाऊन अंडी घालतो, हे मी पुढे ग्रंथालयात वाचले. आबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग? मासा काय आन् माणूस काय, घरलाच जातुया."

दिवाळीच्या सुट्टीत मी कोंबड्याच्या पिसाची माशी बांधली. आबा तिच्याकडे बघतच राहिले. तासभर काही लागले नाही. आमच्या गळाला दोरी जड नव्हती, त्यामुळे माशी वाऱ्याने परत माझ्याच सदऱ्याला अडकायची. अखेर बोटाएवढी एक चंदेरी मासळी पाण्याबाहेर उसळली, माशीला चाटून गेली. आबा पोट धरून हसले. पाण्याकाठी त्यांना एवढे हसताना मी प्रथमच पाहिले.

परतताना त्यांनी विचारले, "तुझ्या सरास्नी येतुया का रं गळ टाकाया? घिऊन ये की त्यास्नी."

मी गप्प राहिलो. सरांना मी काही सांगितलेच नव्हते, हे आबांना कसे सांगणार?

सर, अंक हाती आल्यावर आपण हे वाचालच. त्या तासाला माझा हात वर झाला नाही. मी गळ टाकायला जातो. आबांनी आपल्याला बोलावले आहे. रविवारी सकाळी आम्ही विहिरीपाशी असतो.