उजवा दिवा

गाडीच्या दिव्यांबाबत आमच्या घरात एक नियम होता. डावा गेला तर सकाळपर्यंत चालवून घ्यायचं, उजवा गेला तर गाडी जागची हलवायची नाही. अण्णा हे इतक्या ठामपणे सांगायचे की पारावरची माणसं हसायची. दिवा तो दिवा, त्यात डावं-उजवं कसलं?

पण जरा डोकं लावलं की ध्यानात येतं. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने जातो. समोरून येणाऱ्या गाडीचा उजवा दिवा आपल्या बाजूला असतो. तो बंद आणि नुसता डावा चालू असला, तर अंधारात आपल्याला पलीकडच्या कडेला एकच दिवा दिसतो. फटफटी येतेय असं वाटतं. मधे भरपूर रस्ता मोकळा आहे असं वाटतं. त्या मोकळ्या वाटणाऱ्या रस्त्यात निम्मी गाडी असते.

माझा धाकटा चुलता त्या निम्म्या गाडीखाली गेला. १९९३ ची दिवाळी नुकतीच झाली होती. आळेफाट्याहून तो ओतूरकडे मोटारसायकलवर येत होता, मागे गावातलाच एक जण बसलेला. समोरून ट्रॅक्टर, त्याला ट्रॉली. मागे बसलेला वाचला. तो पुढे कित्येक वर्षं एकच वाक्य सांगायचा, ‘‘आमाला वाटलं फटफटी हाय.’’ काकू तेव्हा सव्वीस वर्षांची होती, पदरात दोन पोरं.

अण्णांनी जीप घेतली ती त्यानंतर तीन वर्षांनी, जुनी, डिझेलवरची. टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजाराला न्यायला म्हणून घेतली, पण गावात दुसरी गाडी नव्हती तेव्हा बाळंतीण तिच्यातून, आजारी माणूस तिच्यातून, नवरीसुद्धा तिच्यातूनच. रात्री-अपरात्री दारावर थाप पडली की आई आधी चूल पेटवायची आणि अण्णा आधी दिवे बघायचे.

मी नववीत होतो त्या वर्षी टोमॅटोला कधी नव्हे तो भाव लागला होता. चाळीस क्रेट भरून जीपमधे रचलेले, पहाटे तीनला निघायचं. संध्याकाळी अण्णांनी बटण ओढलं तर उजवा दिवा मेलेला. अप्पर नाही, डिपर नाही. तोडलेला टोमॅटो थांबत नाही हे शेतकऱ्याला सांगायला नको. आई म्हणाली, ‘‘एक रोज जावा की तसंच.’’ अण्णा काही बोलले नाहीत. काकू ओट्यावर लसूण सोलत होती. तिने हात पुसले आणि आतून बॅटरी घेऊन आली.

आमच्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात. त्यामुळे त्या रात्री ‘बॅटरीवर बॅटरी धर’ अशी वाक्यं बरीच झाली.

जुन्या जीपचा दिवा गोल, सात इंची. बाहेरची चकचकीत कडी काढली की आत दोन जातींचे स्क्रू दिसतात. एक दिवा धरून ठेवणारे, दुसरे दिव्याचा रोख वर-खाली, डावा-उजवा करणारे. रोखाच्या स्क्रूला हात लावला की उजेड झाडावर नाहीतर खड्ड्यात. अण्णांनी काकूला बॅटरी तिरपी धरायला लावून नेमके धरणारेच स्क्रू सोडले. दिवा पुढे ओढला, पाठीमागचा होल्डर उपसला, रबरी टोपी काढली, तार बाजूला केली आणि बल्ब काढला. त्या बल्बला मागे तीन पाय असतात, एक अप्परचा, एक डिपरचा, एक अर्थचा. कडेचे कान सारखे नसतात, म्हणून तो एकाच बाजूने बसतो, उलटा बसतच नाही. हे ज्याने कोणी काढलं त्याला अंधारात काम करणाऱ्या माणसाची कळकळ होती असं मला वाटतं.

डाव्याचा चालू बल्ब आणून उजव्यात घातला. लागेना. म्हणजे बल्ब नव्हे. अण्णांनी होल्डर नाकाशी नेला आणि माझ्यापुढे केला. जळक्या प्लॅस्टिकचा वास. एका पायाची जागा वितळून पिठल्यासारखी झालेली, आतली पितळी पट्टी काळी.

नवा होल्डर रात्री आठला कुठून मिळणार? तेव्हा अण्णांनी डाव्या दिव्याचाच होल्डर वायरींसकट कापला. तो तपकिरी पडला होता, पण धड होता. बॅटरीच्या पिवळ्या उजेडात वायरींचे रंग ओळखू येईनात, म्हणून काकूने दोऱ्याच्या गाठी मारून दिल्या: अर्थला एक, डिपरला दोन, अप्परला तीन. अण्णांनी टोकं सोलून पिळली, टेप गुंडाळली, जीपच्या बॅटरीची काढलेली वायर परत लावली. उजवा लख्ख लागला.

डाव्या बाजूला आता अंधार. नियमाप्रमाणे चालण्यासारखं होतं. पण काकूने घरातला कंदील आणला, काच पुसली, वात वर केली आणि डाव्या बाजूला बंपरला सुतळीने आवळून बांधला. ‘‘रस्ता नाय दिसायचा त्याच्यानं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तुमाला दिसायसाठी नाय बांधला,’’ काकू म्हणाली.

नारायणगावच्या बाजारात लोकांनी मजा बघितली. कंदिलाची जीप म्हणून नाव पडलं ते दोन-तीन वर्षं टिकलं.

माल विकून अण्णा आळेफाट्याच्या वायरिंगवाल्याकडे गेले. त्याने बल्ब उजेडात धरला आणि हसला. आधीच्या मालकाने १००/९० वॉटचे बल्ब घातले होते. गाडीची वायरिंग ६०/५५ च्या हिशोबाची. बारा व्होल्टला साठ वॉट म्हणजे पाच अँपिअर, शंभर वॉट म्हणजे आठाच्या वर, आणि तेही दोन दिव्यांना. हा सगळा करंट एका बारीक वायरीतून, बटणातून, होल्डरातून जाणार. मग तापणारच. त्याने दोन होल्डर, साधे बल्ब आणि दोन रिले दिले. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ ला दिव्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ मधे बटणाचा नुसता इशारा. अण्णांनी ते आकडे बिडीबंडलच्या कागदावर लिहून आणले आणि दुसऱ्या दिवशी सगळं घरीच बसवलं. मग जीप गोठ्याच्या भिंतीसमोर सपाट जागेवर उभी करून उजेडाच्या जागी गेरूच्या दोन फुल्या काढल्या. पुढे कधी रोख हलला तर चाकं त्याच जागी आणायची आणि फुल्यांशी जुळवायचं.

२००१ ते २००३ च्या दरम्यान आमच्या जुन्नर तालुक्यात उसातले बिबटे माणसांवर येऊ लागले आणि जो तो गाडीला जादा दिवे लावू लागला. आता तर पांढरेफटक एलईडी. समोरच्याचे डोळे दिपले तरी यांना उजेड पाहिजे. आणि उसाच्या ट्रॉल्या मात्र अजून मागे लाल दिवा नाही, साधी चकाकणारी पट्टीसुद्धा नाही, अशा रात्रभर चालतात. याचा मला राग येतो.

जीप कधीच भंगारात गेली. माझ्या मोटारीचा उजवा बल्ब गेल्या पावसाळ्यात गावी असताना उडाला. हल्लीच्या गाड्यांत हात घालायला जागाच नसते. बॅटरी आणि पत्र्याच्या फटीतून मनगट वाकवून घालायचं, तारेची क्लिप डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधायची. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मी फडक्यात धरून बसवला. दोन्ही बरोबरच बदलले, कारण एक गेला की दुसऱ्याचंही वय झालेलं असतं.

अण्णा बाजेवर बसून बघत होते. त्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून ते आवाजावर होते. क्लिप बसल्याचा ‘टक्’ आला तेव्हा मान हलवली.

निघताना काकू फाटकाबाहेर रस्त्यावर गेली, पन्नासेक पावलं लांब, आणि वळून उभी राहिली. साठीच्या घरातली बाई, डोक्यावर पदर, मला उजेडात पूर्ण दिसत होती.

‘‘अप्पर कर,’’ ती ओरडली. केलं.

‘‘डिपर.’’ केलं.

‘‘हां. ये आता.’’